तळघराचं दार आणि त्याचे पाठभेद

थांबा, थांबा... तुम्ही ऐकली ती गोष्ट ही नव्हेच! ज्या पाठात नवरा तळघराचं दार आतून इतकं पक्कं बुजवतो की स्वतःच कोंडला जातो आणि बर्फ वितळल्यावर छातीपर्यंत दाढी घेऊन बाहेर येतो, तो पाठ लोहखाणींकडचा; त्यातला नवरा कायम फिनिश असतो, कारण सांगणारे कधीच फिनिश नसतात. सरोवराकाठचे मासेमार सांगतात त्या पाठात दार बुजवताना कुत्रा बाहेर राहतो आणि कायमचा शेजाऱ्याकडे राहायला जातो. रचना म्हणून तो पाठ सुटसुटीत आहे, पण त्यात बायकोच नाही, आणि बायकोशिवाय ही गोष्ट म्हणजे नुसती बांधकामाची हकिकत! चर्चमध्ये कॉफीबरोबर सांगतात तो पाठ बोधपर... त्यात नवऱ्याला उपरती होते, बायको परत येते, आणि सगळे मिळून पम्पकिन पाय खातात. आणि हत्यारांच्या दुकानातला पाठ, तो तर निव्वळ ग्राम्य : त्यात नवऱ्याची विजार दाराच्या गोंदाला चिकटते आणि नेमके त्याच वेळी पाद्रीबाबा... जाऊ द्या.

तुम्हाला सांगतो, उभ्या आयुष्यात मी एकच काम केलं. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला गावोगाव हिंडून मूर्ख नवऱ्यांच्या गोष्टी गोळा केल्या. त्यांचे पाठभेद लावले, कल्पनाबंध वेगळे काढले, कोणती गोष्ट नॉर्वेहून बोटीत बसून आली आणि कोणती इथेच बर्फात जन्मली यावरून भर परिषदेत भांडलो. आणि आता म्हातारपणी काय पाहतो? तर या चारही पाठांतला नवरा मी! मी, सिगर्ड ब्रेके! अजून एक हिवाळा धड उलटला नाही आणि चार पाठ! आणि मला कोणी काही विचारतं का? 'सिगर्ड, तू तर तिथे होतास, मूळ पाठ कसा आहे?' असं एकाने तरी? छे! उलट परवा खिळे घ्यायला गेलो तर दुकानदार गल्ल्यावर कोपरं टेकून मलाच म्हणतो, "प्रोफेसर, तुमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे बघा. एक शहाणा होता..." आणि मी ऐकली! विजारीपर्यंत सगळी ऐकली! आणि वर म्हणालो, "छान आहे." कारण आमच्याकडे दुसरं काही म्हणतच नाहीत. बोट बुडो, छप्पर उडो, जावई पळो... आमचा माणूस खिशात हात घालून लांब कुठेतरी बघतो आणि म्हणतो, "याहून वाईट झालं असतं."

तर मूळ पाठ.

आमचं घर उतारावर. रस्त्याकडून पाहिलं तर एक मजला, सरोवराकडून पाहिलं तर दोन, कारण मागच्या अंगाला तळघर जमिनीवर उघडं पडतं आणि तिथे बाहेर जायचं दार आहे. लाकडी. माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं. सासरे आता हयात नाहीत, म्हणून इतकंच म्हणतो की ते मासेमार चांगले होते. त्या दाराला खालून फट, वरून फट, बिजागरीकडून फट... चौकटीत दार नव्हतं हो, चौकटीच्या आसपास दार होतं! नोव्हेंबर लागला की सरोवरावरून वारा निघतो, तो वाटेत कोणाकडे चहापाण्यालाही न थांबता थेट माझ्या तळघरात येतो आणि कपड्यांच्या दोरीवर झोके घेत बसतो.

आणि तळघरात मार्लिसचा माग. मार्लिस म्हणजे माझी बायको. जुन्या चादरी, विटके शर्ट, माझी बरी असलेली विजार, सगळं फाडून चिंध्या करते आणि त्यांच्या सतरंज्या विणते. दर गुरुवारी लोर्ना आणि आर्डिस, तिच्या दोघी मैत्रिणी, तळघराच्या दाराने येणार, बूट आपटून बर्फ झाडणार, आणि मग दुपारभर चादरी फाडणार आणि त्याबरोबर गावातला एकेक माणूसही फाडणार. हसणं तर असं, की वर माझ्या टेबलावरचा दिवा थरथरायचा. एक ओळ लिहू देत नसत! पण यंदा मार्लिसच्या बोटांची पेरं सुजली. त्या गारठ्यात मागाचा दांडा ओढता येईना. एका संध्याकाळी हात काखेत दाबून वर आली आणि म्हणाली,

"खाली जरा वेगळंच आहे."

आता बाहेरच्या माणसाला हे वाक्य निरुपद्रवी वाटेल. पण मी या बोलीचा अभ्यासक आहे! आमच्याकडे 'वेगळंच आहे' याच्या पुढची पायरी म्हणजे वकील. सकाळी उठून पाहतो तो तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी सुटकेस. रिकामी. आवाज नाही, आदळआपट नाही... सुटकेस! तिची बहीण ॲव्हिस ॲरिझोनात असते, वाळवंटात, तिथे म्हणे ऐन डिसेंबरात लोक अंगणात बसून संत्री सोलतात. ती दरवर्षी बोलावते, मार्लिस दरवर्षी 'बघू' म्हणते. यंदा ती बघत होती! दुसऱ्या सकाळी सुटकेसमध्ये टोपी. गवताची, उन्हाळी टोपी! बाहेर खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ, आणि जिन्याच्या तोंडाशी गवताची टोपी... मला घाम फुटला. लग्न झाल्यापासून एकही हिवाळा मी या बाईशिवाय काढलेला नाही, आणि कसा काढतात तेही मला ठाऊक नाही. धीर करून विचारलं, "मार्लिस, जाणार आहेस का?"

"ते तळघरावर आहे," ती म्हणाली.

झालं. दार बुजवायचं ठरलं.

आता इथे कथेत मदतनीस येतो. जगभरच्या लोककथांत नायकाला मदतनीस भेटतो; कोणाला बोलका घोडा, कोणाला उपकार स्मरणारी मुंगी, कोणाला वाटेत बसलेली म्हातारी. मला कोण भेटावं? मेहुणा! मार्लिसचा धाकटा भाऊ, व्हर्लिन! हातात बिअर, दाढीत काल काय खाल्लं त्याचा पुरावा, आणि आत पाऊल टाकताक्षणी :

"दाजी, दार म्हणजे काय, माझ्या डाव्या हाताचा खेळ! तुम्ही बाजूला व्हा. पुस्तकात नसतं हे."

बाजूला झालो. पण काम मीच केलं, हे नोंदवून ठेवा, कारण एकाही पाठात ते येत नाही! चौकटीवरची जुनी, दगड झालेली पट्टी मी खरवडली. बिजागऱ्या मी आवळल्या. फोमची नवी चिकट पट्टी चौकटीला आतून सगळीकडे मी लावली, दाराच्या तळाला उंबऱ्यावर घासणारी रबरी झालर मी ठोकली, दाराच्या आतल्या अंगावर कडक फोमचा जाड तक्ता कापून मी बसवला. व्हर्लिनने काय केलं? चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेत डब्यातला फेस मारला. तो फेस फुसकन निघतो, फुगतो, आणि दगडासारखा होतो. भेगेत थोडा गेला. बाकीचा व्हर्लिनच्या दाढीत. "दाजी, कात्री आहे का घरात?" आहे ना! तुझ्या बहिणीची, चिंध्यांची! अर्धी दाढी तिथेच मागाखाली पडली.

"याहून वाईट झालं असतं," व्हर्लिन म्हणाला. "तोंड उघडं असतं तर."

त्याचं तोंड मिटलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

मग परीक्षा. वारा कुठून येतो हे पाहायची आमची जुनी रीत म्हणजे मेणबत्ती. पेटवायची आणि दाराच्या कडेकडेने हळूहळू फिरवायची. ज्योत कलली की समजावं, फट आहे. मी मेणबत्ती धरली, श्वास रोखला... आणि व्हर्लिन वाकला. नाक ज्योतीपासून वीतभर. नुकतीच आंबवलेली हेरिंग मासळी खाऊन आलेला. "फट आहे दाजी, फट!" ज्योत आडवी. "कुठे?" "ही काय, फडफडतेय! पुन्हा फडफडली!" ज्योत पुन्हा आडवी. खाली फिरवली, वर फिरवली, तो माझ्यामागून फिरतोय, प्रत्येक कोपऱ्यात 'फट, फट' म्हणून खात्री करून देतोय आणि प्रत्येक कोपऱ्यात ज्योत लोळण घेतेय! मी हताश झालो. एवढं करून चारी बाजूंनी वारा?

"आता एकच इलाज," व्हर्लिन म्हणाला. "प्लॅस्टिक."

खिडक्यांना लावतात तेच. पातळ, पारदर्शक, सबंध चौकटीवरून भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणायचं, कडांना टेप मारायची आणि वरून हेअर ड्रायर फिरवायचा, की आक्रसून ढोलकीच्या पानासारखं बसतं. मी म्हणालो, "अरे, पण मग दार उघडायचं कसं?"

"हिवाळ्यात दार उघडायचंच कशाला, दाजी?"

आणि तुम्हाला सांगतो, मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला! नाहीतरी पुढचं दार आहेच की!

पुढचं दार... हो, आहे. प्रत्येक घराला असतं. पण आमच्या गावात त्या दाराने येतं कोण? पाद्री, पोलीस आणि शवपेटी. जिता शेजारी म्हणजे तळघराच्या दाराने. ठोठावायचं नाही, हाक मारायची नाही, बूट आपटायचे, हीच वर्दी. या प्रथेवर मी निबंध वाचलाय! परिषदेत टाळ्या पडल्या होत्या!

तर दाराला आतून कडी घातली आणि प्लॅस्टिक लावलं. व्हर्लिन खायला वर गेला, मी मेणबत्ती फिरवली. ज्योत ताठ! मार्लिसला बोलावलं. तिने प्लॅस्टिकवर तळहात ठेवला, मागाशी बसली, दांडा ओढला. खटाक्. पुन्हा ओढला. खटाक्. "उबदार आहे," ती म्हणाली. आमच्याकडे याला स्तुतिस्तोत्र म्हणतात! सकाळी सुटकेसमधून टोपी गेलेली. जिंकलो होतो हो मी, जिंकलो होतो!

आणि मग बाहेर बूट वाजले.

टोइव्हो. पलीकडच्या घरातला, एकटा राहतो, धुरी दिलेला मासा घेऊन यायचा अधूनमधून. त्याने मूठ फिरवली, दार ढकललं... दार ढिम्म. दाराला वर वहीएवढी काच आहे, तक्त्यात तेवढी जागा मी सोडली होती. काचेतून तो, आणि प्लॅस्टिकमधून मी.

"पुढून ये!" मी ओरडलो. "पुढच्या दाराने!"

टोइव्होचा चेहरा पडला. त्याने टोपी काढली. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं!"

"मग पुढून कशाला?"

"हे दार बुजवलंय!"

"का?"

"वारा येतो!"

टोइव्होने मागे वळून सरोवराकडे पाहिलं, त्याच्या भुवयांवर बर्फ साठलेला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "हो. येतो खरा." मग मासा बर्फात उभा खोचला, टोपी घातली आणि गेला. जाताना त्याचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला ते तुम्हीही सांगू शकाल.

बरं, तो एकटा जीव, त्याचं सोडा. गुरुवारी लोर्ना आणि आर्डिस आल्या. पुढच्या दाराने! काळे कोट, चर्चच्या टोप्या, हातात हॉटडिश, म्हणजे मशरूमचं सूप ओतून भट्टीत भाजलेल्या शेवया, मयताला नेतात तोच. आणि दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेवर अशा टेकल्या, जणू पाद्रीबाबा आता येतच असतील.

"घर छान ठेवलंयस गं," लोर्ना कुजबुजली.

"तुझे वडील गेले तेव्हा आलो होतो ना पुढून," आर्डिस.

"हो. तेव्हाही सोफा हाच."

"हाच."

मार्लिस म्हणाली, "अगं, खाली चला की. निळी चादर ठेवलीय फाडायला."

"नको, नको. आता वर बसलोयच तर..."

पुढच्या दाराने आलेला पाहुणा दिवाणखान्याच्या पलीकडे जात नाही, हा कुठे लिहिलेला नियम नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. चिंध्या नाहीत, चहाड्या नाहीत, कॉफी निवायच्या आत दोघी उठल्या. निरोपसुद्धा घेतला नाही धड! आणि आमच्याकडे निरोप म्हणजे काय असतो? 'बरं तर' म्हणून माणूस उठतो, मग उंबऱ्यात उभा राहतो, अर्धा आत अर्धा बाहेर, दार सताड उघडं, आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं. आजारपणं, लग्नं, कोणाचं कोणाशी... भेटीपेक्षा निरोप मोठा! पण पुढच्या दारात कोण रेंगाळणार?

पुढच्या गुरुवारी फोन आला, आर्डिसला जमणार नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी फोनही नाही. तळघर मात्र उबदार! इतकं, की मी माझे कागद घेऊन खालीच बसायला लागलो. काय ती शांतता, एकाच बैठकीत एक प्रकरण पुरं झालं! माग मात्र हळूहळू... खटाक्... आणि बराच वेळ काही नाही. मान वर करून पाहावं तर मार्लिस त्या वहीएवढ्या काचेकडे बघतेय.

एका सकाळी सुटकेसमध्ये टोपी परत. टोपीखाली सपाता. मी हबकलो! "मार्लिस, अगं, आता थंडी कुठाय?"

"थंडी नाहीये."

"मग?"

"थंडी होती तेव्हा निदान लोर्ना तिच्याबद्दल कुरकुरायला यायची."

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळ्या पाठांत हे गाळलंय आणि सगळी गोष्ट इथेच आहे. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं तर घेणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं असतं. देणाऱ्याने तिसऱ्यांदा विचारायचं. मग तो म्हणतो, 'अगदीच म्हणतोस तर...' पहिल्या खेपेला हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा पाषाण. रात्री जेवताना... व्हर्लिनही होता, तो कधी नसतो?... मी म्हणालो, "मार्लिस, प्लॅस्टिक काढून टाकतो."

"नको. एवढं खपून केलंस."

"अगं, काढतो की. काय लागतंय?"

"नको, राहू दे."

तिचा काटा हवेत थांबलेला. डोळे माझ्याकडे. मी पाणी प्यालो, घसा साफ केला, तिसऱ्यांदा तोंड उघडलं... आणि भरल्या तोंडाने व्हर्लिन बोलला! "दाजी, ती नको म्हणतेय ना! कशाला मागे लागता? मस्त बसलंय प्लॅस्टिक!"

संपलं. तिसऱ्याच माणसाने उत्तर दिलं की गाडी रुळावरून उतरली. पुन्हा पहिल्यापासून विचारता येत नाही, तशी रीतच नाही! मार्लिसने काटा खाली ठेवला. "बटाटे छान झालेत," ती म्हणाली.

मग ती सकाळ. बाहेर व्हर्लिनचा ट्रक धूर सोडत उभा, तोच तिला विमानतळावर सोडणार. मार्लिस सुटकेस घेऊन जिना उतरली. जिना उतरली, पुढच्या दाराकडे गेली नाही! मागावरची चिंध्यांची कात्री उचलली आणि प्लॅस्टिक वरपासून खालपर्यंत एका रेषेत चिरलं. काय आवाज झाला म्हणून सांगू! मग कडी काढली, मूठ फिरवली आणि दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली.

पलीकडून टोइव्होने पाहिलं असणार. बूट आपटत आला. "दार उघडं दिसलं." मागोमाग आर्डिस, रोजच्या कोटात. मग लोर्ना, डोक्याला फडकं, हात पिठाचे. "दार उघडं दिसलं गं!"

आणि सुरू! अर्धे आत, अर्धे बाहेर, दार सताड! ॲव्हिसच्या घरापासून निघाले ते लोर्नाच्या सुनेपर्यंत आणि तिथून पाद्रीबाबांच्या नव्या दातांपर्यंत! "बरं तर," कोणीतरी म्हणायचं, सगळे "बरं तर" म्हणायचे आणि नवा विषय निघायचा. माझी महिन्याची ऊब सरोवराकडे चालली, कागद उडाले, मी ओरडतोय, "दार! अगं, दार!"... ऐकतंय कोण? मार्लिस हसत होती. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. मी तो आवाज विसरत चाललो होतो.

"आम्हाला वाटलं तुम्हाला कोणी यायला नकोय," लोर्ना म्हणाली.

"नाही गं," मार्लिस म्हणाली. "आम्हाला वारा नको होता."

मी पुढे झालो. म्हणालो, "राहा ना, मार्लिस."

"नको. ॲव्हिस वाट बघत असेल."

"तरी पण राहा."

"नको. तिकीट काढलंय."

आणि तिने सुटकेस खाली ठेवली. तुम्हाला सांगतो, खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत थांबली! लोर्नाला, आर्डिसला, सगळ्यांना ठाऊक काय यायचंय ते... मी तोंड उघडलं आणि ट्रकचा भोंगा वाजला. लांबलचक. "चला, ताई! विमान काय थांबणारेय? दाजी, सोडा तिला!"

मार्लिसने सुटकेस उचलली. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. गेली.

बायकाही गेल्या. टोइव्हो सगळ्यांत शेवटी राहिला, खिशात हात, नजर सरोवरावर. "याहून वाईट झालं असतं," तो म्हणाला.

"कसं?" मी विचारलं. जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी विचारलं, "कसं रे?"

टोइव्होने बराच विचार केला. "बघून सांगतो," म्हणाला आणि निघाला.

चर्चच्या पाठात यापुढे ती परत येते. मासेमारांच्या पाठात निदान कुत्रा तरी शेजारी असतो. मूळ पाठात यापुढे एवढंच आहे. मी दार लावलं. प्लॅस्टिकचे दोन तुकडे दोन बाजूंना लोंबत होते. व्हर्लिन नव्हता, कोणीच नव्हतं. मी मेणबत्ती पेटवली आणि दाराच्या कडेने फिरवली, झालरीपासून वर, वरून बिजागरीकडे, बिजागरीकडून पुन्हा खाली.

ज्योत हलली नाही.